आईच्या गळ्याला करंटचे पॅड लावू द्यावेत का? गिळण्याच्या त्रासावरचे अनुभव हवेत

थोरली_लेक

नमस्कार. बरेच दिवस इथलं नुसतं वाचतेय, लिहायला आज बसले.

माझी आई ८१ वर्षांची आहे. १४ महिन्यांपूर्वी तिला पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात-पाय लुळा पडला, बोलणं अडखळत झालं. विस्मरण त्याच्या आधीपासूनच सुरू होतं. तिला उठवायला-बसवायला दोन माणसं लागतात, म्हणून गेलं वर्षभर ती शुश्रूषा केंद्रात आहे. मी रोज संध्याकाळी जाते आणि रात्रीचं जेवण मीच भरवते.

झटक्यानंतरचे काही महिने तिचं गिळणं ठीक होतं. गेल्या चारेक महिन्यांपासून मात्र जेवताना ठसका लागतो. घास तोंडात घोळवत बसते. कधी तो गालातच राहतो, आणि अर्ध्या तासाने तोंड पुसायला गेलं की तिथे सापडतो. पाणी प्यायल्यावर तिचा आवाज ओला येतो, घशात बुडबुडे असल्यासारखा. याच काळात दोनदा न्यूमोनिया झाला. दुसऱ्या खेपेला नऊ दिवस इस्पितळात होती. निघताना तिथे सांगितलं, पातळ काही देऊ नका, सगळं घट्ट करून द्या. तेव्हापासून तिच्या पाण्यातही पावडर मिसळतात. ती एक चमचा घेते आणि तोंड फिरवते. दिवसभरात किती पाणी पोटात जातं हे विचारलं तर नीट उत्तर मिळत नाही. जीभ मात्र कायम कोरडी दिसते.

आता केंद्राने करंटचा उपचार सुचवलाय. बाहेरून एक थेरपिस्ट येतात, गळ्याला चार पॅड चिकटवून विजेचा सौम्य प्रवाह देतात, त्याने गिळण्याचे स्नायू बळकट होतात असं सांगितलं. रोज एक तास, असे २० दिवस. तिथल्या तिघा-चौघांना देतायत, म्हणून मी एकदा मुद्दाम बघायला गेले. एक आजोबा खुर्चीत मागे टेकून बसले होते. गळ्याला पॅड, आणि कंठमण्याच्या खालची कातडी थडथड उडत होती. डोळे मिटलेले. मी होते तेवढ्या वेळात त्यांना कुणी एकदाही काही गिळायला सांगितलं नाही. मला ते बघून बरं वाटलं नाही, पण का ते सांगता येईना.

धाकटा भाऊ परगावी असतो. तो म्हणतो, करून बघायला काय हरकत आहे, नाहीतर उद्या नाकात नळी घालायची वेळ येईल. त्याचंही खोटं नाही. म्हणून विचारतेय, याने खरंच फरक पडतो का? एवढ्या वयाच्या आणि विसरणाऱ्या माणसाला झेपतं का? आणि नाही म्हटलं तर आम्ही तिच्यासाठी काहीच केलं नाही असं तर होणार नाही ना?

निशिगंध

ताई, माझ्या वडिलांना हा उपचार दिला होता, म्हणून लिहितो. वय ६९. झटका आल्यावर तिसऱ्या आठवड्यात सुरू केला. तेव्हा नाकात नळी होती. दीड महिन्याने नळी निघाली आणि आज ते मऊ जेवण स्वतःच्या हाताने जेवतात.

पण एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. आमच्या थेरपिस्ट बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं की झटक्यानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत बऱ्याच जणांचं गिळणं आपोआपही सुधारतं, त्यामुळे श्रेय कुणाचं हे छातीठोकपणे सांगता येणार नाही. दुसरं म्हणजे वडील एकदाही नुसते बसून नव्हते. प्रवाह सुरू असताना त्यांना दर अर्ध्या-एक मिनिटाला गिळायला लावायच्या. "जोर लावून, घशात गोळी अडकलीय असं समजून गिळा" असं सांगायच्या. तास संपला की ते घामेघूम व्हायचे. तुम्ही बघितलेले आजोबा आणि आमचे वडील, यंत्र एकच असेलही, पण उपचार एक वाटत नाही.

घोट_घोट

थोरली लेक, तुम्हाला बरं वाटलं नाही ते अगदी योग्य होतं. मी स्पीच थेरपिस्ट आहे. गेली १७ वर्षं गिळण्याच्या त्रासाचंच काम करते, त्यातली ११ वृद्धांच्या केंद्रांमध्ये. लांब लिहिणार आहे, वेळ काढून वाचा.

आधी एक करा. दोन बोटं कंठमण्यावर ठेवा आणि आवंढा गिळा. कंठमणी झटकन वर आणि जरासा पुढे सरकतो, मग खाली येतो. हे एका सेकंदात होतं, आणि गिळण्याचं सगळं गणित त्यातच आहे. जिभेच्या मुळाशी हायॉइड नावाचं घोड्याच्या नालेसारखं हाड असतं. ते दुसऱ्या कुठल्याच हाडाला जोडलेलं नाही, स्नायूंवर टांगलेलं असतं. ते वर-पुढे ओढलं गेलं की स्वरयंत्र जिभेच्या आडोशाला जातं, श्वासनलिका झाकली जाते आणि अन्ननलिकेचं तोंड उघडतं. हे वर ओढणारे स्नायू मुख्यतः हनुवटीखाली असतात. गळ्याच्या पुढच्या बाजूला कातडीलगत जे स्नायू आहेत, ते हायॉइडला खाली ओढतात. वर उचलायला मदत करणारा एक स्नायू तिथे आहे, पण तो त्यांच्याखाली दडलेला.

आता कातडीवर पॅड लावून करंट दिला तर तो आधी कुणाला पोहोचणार? वरच्या थराला. म्हणजे खाली ओढणाऱ्यांना. हे नुसतं तर्काने म्हणत नाही. २००६ साली हंबर्ट आणि सहकाऱ्यांनी निरोगी माणसांवर, आणि २००७ साली लुडलो आणि सहकाऱ्यांनी गिळण्याचा जुना त्रास असलेल्या रुग्णांवर हे एक्स-रेखाली तपासलं. स्वस्थ बसलेलं असताना जोराचा करंट दिला की हायॉइड खाली जात होतं. लुडलोंच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली. नुसत्या मुंग्या येतील इतकाच हलका प्रवाह दिला, तेव्हा काही रुग्णांमध्ये घास चुकीच्या वाटेला, म्हणजे श्वासनलिकेकडे, जाणं कमी झालं. म्हणजे कातडी थडथडली म्हणजे काम झालं, असा हिशेब चुकीचा आहे.

तो हिशेब मीही केलाय. नवीन असताना हे यंत्र वापरायचं प्रशिक्षण घेतलं आणि दोनेक वर्षं श्रद्धेने पॅड लावत होते. स्नायू उडाला की समाधान वाटायचं. मग एका आजींची बेरियम देऊन एक्स-रेखाली तपासणी चालू होती आणि डॉक्टरांनी सहज सुचवलं, करंट सुरू ठेवून बघू या का. मी डायल वाढवला. पडद्यावर ते छोटं हाड ठळक दिसत होतं. ते सावकाश खाली सरकलं आणि तिथेच धरून राहिलं. आजींनी घोट घेतला. त्यांना ते हाड वर उचलता आलं नाही, काळी रेघ स्वरयंत्राच्या तोंडाशी जाऊन थांबली. मी लगेच बंद केलं. त्या आजींना त्याआधी मी १२ दिवस याच जोराने करंट दिला होता. मी त्यांची माफी मागितली, त्यांना कशाबद्दल ते कळलं नाही. मला ते आजही टोचतं.

म्हणून नीट काम करणारे लोक या खाली ओढण्याचाच उपयोग करतात. करंट खाली ओढतोय आणि रुग्ण त्याच्या विरुद्ध जोर लावून गिळतोय, म्हणजे वजन बांधून व्यायाम केल्यासारखं. निशिगंध यांच्या वडिलांकडून तेच करून घेतलं. व्यायाम गिळण्याचा आहे, करंट हे फक्त वजन आहे. ज्याच्यात जोर लावायची ताकद नाही किंवा सांगितलेलं कळत नाही, त्याच्या गळ्याला नुसतं वजन बांधून बसवण्यात काय अर्थ?

वयाचा मुद्दा विचारलात. म्हातारपणी स्नायूंतले चटकन आकुंचन पावणारे तंतू आधी झिजतात, आणि करंट नेमका त्या तंतूंना आधी जागं करतो, असं यामागचं समर्थन सांगतात. विचार चुकीचा नाही. पण कागदावरचा विचार आणि खाटेवरचं माणूस यांच्यात अंतर असतं.

पुरावा काय सांगतो? गळ्यावरून प्रवाह देणाऱ्या सर्वात प्रसिद्ध यंत्राला अमेरिकेच्या एफडीएची, म्हणजे औषधं-उपकरणांना परवानगी देणाऱ्या सरकारी संस्थेची, मंजुरी २००१ सालची आहे, म्हणजे ही काही कालची गोष्ट नाही. पक्षाघातानंतरच्या रुग्णांमध्ये, व्यायामाच्या जोडीने दिलं तर नुसत्या व्यायामापेक्षा थोडा जास्त फायदा झाल्याचं बऱ्याच छोट्या अभ्यासांत दिसलं. ब्रिटनच्या नाइस या उपचारांचा पुरावा तपासणाऱ्या संस्थेने २०१८ मध्ये सगळं तपासून सांगितलं की पक्षाघातानंतर फायद्याची शक्यता दिसते पण पुरावा तोकडा आहे, आणि इतर कारणांच्या त्रासात हे फक्त संशोधनापुरतं वापरावं. डोकं आणि मानेच्या कर्करोगानंतरच्या रुग्णांवर मोठी चाचणी झाली, २०१६ ला प्रसिद्ध झाली, तिथे व्यायामाला करंट जोडून काहीच जास्त मिळालं नाही. पार्किन्सन्सच्या रुग्णांमध्येही नेहमीच्या उपचाराला करंट जोडल्याने खास फरक पडला नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या, केंद्रात राहणाऱ्या वृद्धांसाठी हे खात्रीने चालतं असं म्हणण्याइतकं माझ्या हातात काही नाही.

आणखी एक प्रकार आहे, त्याच्याशी गल्लत करू नका. त्यात नाकातून बारीक नळी घालून घशाच्या आतून प्रवाह देतात, दिवसाला १० मिनिटं, तीन दिवस. पक्षाघातानंतर गळ्यात श्वासाची नळी बसवलेल्या रुग्णांमध्ये २०१८ च्या चाचणीत ती नळी काढता येण्याजोगी सुधारणा उपचार घेतलेल्यांपैकी ४९ टक्क्यांत झाली, प्रवाह न देता नुसता देखावा केलेल्या गटात ९ टक्क्यांत. निकाल मोठा आहे, पण ते रुग्ण वेगळे आणि जागा अतिदक्षता विभागाची. तुमच्या आईसाठी तो आधार नाही.

आता मला सर्वात महत्त्वाचं वाटतं ते. तुम्ही लिहिलंय की झटक्यानंतर काही महिने गिळणं ठीक होतं आणि बिघडलं ते चार महिन्यांपूर्वी. पक्षाघाताचा त्रास सुरुवातीला सर्वात जास्त असतो, नंतर कमी होतो किंवा तिथेच थांबतो. दहा महिन्यांनी उगवलेल्या त्रासाला दहाव्या महिन्यातलं काहीतरी कारण असतं. नवा छोटा झटका, नवं औषध, दातांची कवळी, तोंडातला संसर्ग, वजन घटणं. ते शोधल्याशिवाय पॅड लावायचे नाहीत. औषधांच्या परिणामाने गिळणं बिघडलं असेल, किंवा विस्मरणामुळे माणूस अखंड बोलत राहत असेल, तर त्याच्यावर हा उपचार करू नये असं त्या यंत्राच्या सूचनांतच असतं. गळ्यात गाठ असेल तर नाही. पेसमेकर असेल तर हृदयाच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. आणि मानेच्या बाजूला, जिथे नाडी लागते, तिथे पॅड कधीच नाही.

तर तीन गोष्टी कळवा. चार-पाच महिन्यांपूर्वी कुठलं औषध सुरू झालं किंवा वाढवलं? पेसमेकर आहे का? आणि गिळण्याची प्रत्यक्ष तपासणी, म्हणजे एक्स-रेखालची किंवा नाकातून दुर्बीण घालून केलेली, कधी झाली होती का?

थोरली_लेक

घोट ताई, तुमचं वाचून रात्री झोप लागली नाही. आज रजा टाकून केंद्रात गेले आणि औषधांची वही मागितली.

पेसमेकर नाही. तपासणी कधीच झालेली नाही. "सगळं घट्ट करा" हे इस्पितळात खाटेशेजारी दोन चमचे पाणी पाजून ठरवलं होतं. आणि औषध. आई रात्री ओरडते म्हणून पाच महिन्यांपूर्वी रिस्पेरिडोन सुरू केलं होतं, महिन्याभराने डोस दुप्पट केला. दुप्पट केल्याची तारीख आणि मला पहिला ठसका आठवतो तो आठवडा एकच आहे. मला औषधाचं सांगितलं होतं, सही माझीच आहे. पण "झोपेचं औषध" म्हणून सांगितलं होतं, आणि मी पुढे काही विचारलं नाही.

शिवाय खालची कवळी. वजन उतरल्यामुळे ती सैल झाली, पडायला लागली, म्हणून मावशींनी डबीत ठेवून दिली. ती डबी मला आज कपाटात सापडली.

मी आजच ते औषध बंद करायला सांगू का?

घोट_घोट

नाही, एकदम बंद नाही. डॉक्टरांशी बोलून टप्प्याटप्प्याने. रिस्पेरिडोन हे खरं तर झोपेचं नाही, मनोविकारांवरचं औषध आहे. या गटातल्या औषधांनी स्नायू ताठरतात, हालचाल मंदावते, सुस्ती येते, आणि घास तोंडात घोळत राहणं हे त्याचंच रूप असू शकतं. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांमध्ये या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो हा इशारा एफडीएने २००५ सालीच दिलाय, त्यामुळे डोस कमी करण्याची चर्चा करण्यात तुम्ही काही वावगं करत नाही. पण रात्रीचं ओरडणं कशामुळे होतं तेही विचारा. दुखतंय का, लघवी तुंबतेय का, तहान लागलीय का. घट्ट पाणी नाकारणारं माणूस रात्री तहानलेलं असतंच.

सहीचं मनाला लावून घेऊ नका. तुम्हाला जे सांगितलं त्यावर तुम्ही सही केलीत.

पावडरचंही बघा. एकाच डब्यातली पावडर सकाळच्या हाताने वेगळी पडते आणि रात्रीच्या हाताने वेगळी. १० मिलिलिटरची सिरिंज घ्या, शून्यापासून १० पर्यंतच्या खुणांची लांबी ६१.५ मिलिमीटर असलेली. दट्ट्या काढा, खालचं तोंड बोटाने बंद करा, १० पर्यंत भरा, बोट सोडा आणि १० सेकंदांनी पुन्हा बंद करा. आत १ ते ४ मिलिलिटर उरलं तर अगदी किंचित दाट, ४ ते ८ तर मध्यम, ८ च्या वर उरलं तर चांगलंच दाट. आईला कितपत दाट हवंय हे तपासणीनंतर ठरेल. पण आज तिच्या पेल्यात काय आहे ते तरी कळेल.

पांढरी_टोपी

मी निवृत्त परिचारिका. ३१ वर्षांतली शेवटची १४ अंथरुणाला खिळलेल्या वृद्धांच्या विभागात काढली. घोट ताईंनी गिळण्याचं सांगितलं, मी तोंडाचं सांगते, कारण ते कुणी विचारतच नाही.

न्यूमोनिया नुसता घास चुकीच्या वाटेला गेल्याने होत नाही. त्याच्याबरोबर तोंडातले जंतू जातात म्हणून होतो. १९९८ साली लँगमोर बाई आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८९ वृद्धांवर काही वर्षं लक्ष ठेवून कुणाला न्यूमोनिया होतो ते पाहिलं. ज्यांना दुसऱ्याने भरवावं लागतं, ज्यांचं तोंड दुसऱ्याने साफ करावं लागतं, ज्यांचे दात जास्त किडलेत, ज्यांना औषधं जास्त आहेत, आणि ज्यांना नळीने अन्न दिलं जातं, त्यांना धोका जास्त निघाला. गिळण्याच्या त्रासाने धोका वाढतो, पण तेवढ्यावरून कुणाला होणार ते सांगता येत नव्हतं. तुमच्या भावाला हे जरूर सांगा. नळी घातली म्हणजे न्यूमोनिया टळला असं नाही. लाळ आणि पोटातून उलटं येणारं तसंच छातीत जाऊ शकतं.

जपानमध्ये ११ वृद्धसेवा केंद्रांत दोन वर्षं एक प्रयोग झाला होता. एका गटात प्रत्येक जेवणानंतर दात-तोंड घासायचे, दुसऱ्यात नेहमीसारखं. न्यूमोनिया तोंड घासलेल्या गटात ११ टक्के लोकांना झाला, दुसऱ्यात १९ टक्के. पुढे अमेरिकेत केलेल्या मोठ्या चाचणीत तोंडाची निगा आणि सरळ बसवणं यांनी असा फरक दिसला नाही, हेही सांगते, म्हणजे तुम्हाला अर्धीच बाजू कळायला नको. तरी मी माझ्या आईला घाण तोंडाने एक घोटही दिला नसता.

करायचं कसं? लहान मुलांचा मऊ ब्रश. तो नुसता ओला करून झटकायचा, पाणी गळता कामा नये. मान किंचित पुढे. आधी गाल आतून बोटाला कापड गुंडाळून पुसायचा, विशेषतः लुळ्या बाजूचा, कारण घास तिथेच साठतो आणि त्यांना जाणवत नाही. मग जीभ मागून पुढे. कवळी रात्री काढून घासून वेगळी ठेवायची, आणि सैल असेल तर दंतवैद्याला दाखवून बसवून घ्यायची. डबीत ठेवून चालणार नाही.

भरवताना उभं राहू नका. उभ्या माणसाचा चमचा वरून येतो, मग म्हातारं माणूस हनुवटी वर करतं, आणि तीच घसरगुंडी. स्टूल घेऊन तिच्या डोळ्यांच्या पातळीला बसा, चमचा खालून न्या. कंठमण्याकडे बघा. तो वर जाऊन खाली आला की घास गेला. त्याआधी पुढचा नाही. जेवण झाल्यावर अर्धा तास तसंच बसवून ठेवा. एका मावशीच्या वाट्याला आठ माणसं असतील तर हे होत नाही. म्हणून केंद्राला विचारायचंच असेल तर हे विचारा, जेवणाच्या वेळी किती हात असतात?

निशिगंध

पांढरी टोपी ताई, तो गाल पुसण्याचा भाग आम्हाला कुणी सांगितलाच नव्हता. वडिलांचा डावा गाल आज बघतो.

थोरली_लेक

पाच आठवड्यांनी लिहितेय. मधे उत्तर दिलं नाही त्याबद्दल क्षमा करा, धावपळ होती.

डॉक्टरांनी रिस्पेरिडोन आधी निम्मं केलं, तीन आठवड्यांनी बंद केलं. पहिले चार दिवस आई रात्री खूप ओरडली. मी दोन रात्री तिथेच राहिले. पोट साफ होत नव्हतं, त्याची कळ येत होती. त्यावर औषध दिल्यावर ओरडणं पुष्कळ कमी झालं, अजिबात थांबलेलं नाही. ती दिवसा आता जागी असते. घास तोंडात घोळवणं निम्म्यावर आलंय. कवळी बसवून घेतली.

तपासणी झाली, दुर्बिणीची. बारीक वायर नाकातून घातली तेव्हा तिने माझा हात घट्ट धरला होता. पडद्यावर घसा बघताना मला भीती वाटली होती, पण नंतर डोळे हटेनात. हिरवा रंग घातलेलं पाणी दिलं. त्याची एक बारीक धार सरळ स्वरयंत्राच्या आत उतरली आणि आई शांत बसून होती. ठसका नाही, काही नाही. म्हणजे ठसका लागत नव्हता ते घोट बरे असं मी समजत होते, ते तसं नव्हतं. दाटसर दिल्यावर आत गेलं नाही, पण घशाच्या उजव्या बाजूच्या खोलगटात साठून राहिलं. मग तिथल्या थेरपिस्टनी मला उठवून आईच्या उजव्या बाजूला बसवलं आणि हाक मारायला सांगितली. तिने मान उजवीकडे वळवून माझ्याकडे बघितलं आणि त्याच स्थितीत गिळलं. खोलगट रिकामा झाला. त्या म्हणाल्या, अधू बाजूला मान वळवली की ती बाजू मिटते आणि घास चांगल्या बाजूने जातो. मी वर्षभर तिच्या डाव्या हाताला बसत आले होते, तो हात चालतो म्हणून, आणि तो धरता येतो म्हणून.

घोट ताई, करंटचं विचारलं. त्या म्हणाल्या, आत्ता नाही. आईला "जोर लावून गिळा" हे दहातल्या चार वेळाच कळतं. आठवड्यातून तीन दिवस त्या स्वतः येऊन गिळण्याचा सराव घेतात. दोन महिन्यांनी पुन्हा दुर्बिणीने बघायचं आणि तेव्हा तिची समज सुधारलेली असेल तर विचार करायचा. करंट द्यायला जे थेरपिस्ट केंद्रात येतात त्यांनाही भेटले. प्रवाह चालू असताना गिळायला का लावत नाही असं विचारलं. ते म्हणाले, तासाला चार रुग्ण असतात. यावर मी काही बोलले नाही, पण व्यवस्थापकांना लेखी कळवलंय की माझ्या आईला तपासणीशिवाय पॅड लावायचे नाहीत, आणि त्या आजोबांच्या मुलीलाही हा सगळा धागा वाचायला दिलाय.

पाण्याचं असं ठरलंय. जेवणाबरोबर किंचित दाट, सिरिंजमध्ये ३ मिलिलिटर उरेल इतकं. आणि दोन जेवणांच्या मधे, तोंड घासून झाल्यावर, साधं पाणी चमच्याने, मान उजवीकडे वळवून, थेरपिस्ट किंवा मी समोर असतानाच. पहिल्या दिवशी साधं पाणी जिभेवर पडलं तेव्हा तिने डोळे मिटले आणि "अजून" म्हणाली. न अडखळता आलेला स्पष्ट शब्द. सहा चमचे घेतले.

खाटेच्या डोक्याशी कागद लावलाय: उजवीकडे बसा, चमचा खालून, कंठमणी खाली आल्यावरच पुढचा घास. भावाला दुर्बिणीची चित्रफीत पाठवली होती. दोन दिवस त्याचा काही निरोप नव्हता. काल फोन आला, म्हणाला, रविवारी मी येतोय, दुपारचं मी भरवीन, आणि उजवीकडे म्हणजे तिच्या उजवीकडे की माझ्या, ते नीट सांग.